पार्ट दिसतो चांगला, पण तुटतो का? मोल्डिंग कंडिशन आणि प्लास्टिकची ताकद

जुलै महिन्यातली गोष्ट. भोसरीतल्या एका मोल्डिंग शॉपमध्ये काळ्या ब्रॅकेटचे दोन क्रेट परत आले होते. मटेरियल नायलॉन ६, ३० टक्के ग्लास भरलेलं. असेंब्लीवाल्यांची तक्रार एकच होती: स्क्रू आवळला की बॉस (स्क्रू बसतो तो पोकळ खांब) उभा चिरतो. शंभरात सात-आठ पार्ट असे जात होते. पार्टवर टेक्सचर असल्याने पृष्ठभाग एकसारखा काळा दिसत होता. शॉर्ट (अर्धवट भरलेला भाग) नाही, सिंक (खळगा) नाही, मापंही बरोबर. मालकांना वाटलं दाणा (कच्चं प्लास्टिक) खराब आला, पण बॅच सर्टिफिकेट व्यवस्थित होतं आणि दुसऱ्या शॉपमध्ये त्याच बॅचचे पार्ट नीट चालले होते.

अशा वेळी सगळे डेटाशीट उघडून बसतात. त्यावर या ग्रेडची ताणशक्ती १७०-१८० मेगापास्कल लिहिलेली असते. पण तो आकडा नीट सुकवलेल्या दाण्याच्या, एका टोकाला गेट (मटेरियल आत शिरण्याचं तोंड) असलेल्या टेस्ट बारचा असतो. त्यात वेल्ड लाइन (दोन प्रवाह भेटून झालेला जोड) नसते आणि ग्लासचे बहुतेक तंतू ओढण्याच्याच दिशेने झोपलेले असतात. आपला पार्ट तसा नसतो. दाण्यात जी ताकद आहे त्यात मशीन भर घालू शकत नाही. ड्रायरपासून इजेक्शनपर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्यातली थोडी थोडी गळते, आणि ती कुठे गळते आहे हे शोधणं हेच आपलं काम. ते कोणत्या क्रमाने करावं ते खाली सांगतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावरच्या सेटिंगने झाकली जाते.

आधी तुटलेला पार्ट बघा

कंट्रोलरला हात लावण्याआधी तुटलेले वीस-पंचवीस पार्ट टेबलावर ओळीने मांडा, सगळे एकाच दिशेने. प्रत्येक वेळी एकाच जागी तुटतंय का? गेटजवळ तुटत असेल तर जास्त पॅकिंगमुळे (मटेरियल दाबून भरल्यामुळे) आत राहिलेला ताण ही पहिली शंका. कुठेही, कसंही, काचेसारखं तुटत असेल तर मटेरियलच बिघडलंय: ओलं होतं, जळलं, किंवा भलतं काही मिसळलं. एका ठरावीक रेषेवर तुटत असेल तर वेल्ड लाइन.

त्या ब्रॅकेटचे बॉस मी असेच मांडून पाहिले. चीर प्रत्येक बॉसला एकाच बाजूला होती, गेटच्या बरोबर विरुद्ध बाजूला. बॉसच्या भोकासाठी मोल्डमध्ये कोअर पिन असते. वितळलेलं प्लास्टिक त्या पिनला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे भेटतं, आणि भेटतं तिथे वेल्ड लाइन पडते. मग एक न चिरलेला बॉस हॅक-सॉने आडवा कापला आणि पॉलिश पेपरवर पाणी घालून घासला. बॉस जिथे पायाला मिळतो त्या जाड भागात मोहरीएवढ्या तीन-चार पोकळ्या दिसल्या. बाहेरून त्यांची काहीच खूण नव्हती. पार्ट कापून बघायला पाच मिनिटं लागतात, तरी फार कमी शॉपमध्ये कोणी ते करतं.

दाणा सुकवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पीसी (पॉलिकार्बोनेट), पीबीटी आणि पीईटी (दोन्ही पॉलिएस्टर) आणि नायलॉन यांच्या बाबतीत ओलावा म्हणजे पार्टवरच्या नुसत्या रुपेरी रेघा नव्हेत. पीसी, पीबीटी आणि पीईटीमध्ये बॅरलच्या (दाणा वितळवणाऱ्या गरम नळीच्या) तापमानाला पाण्याचा रेणू पॉलिमरची लांब साखळीच तोडतो. साखळ्या आखूड झाल्या की एकमेकींत गुंतून राहत नाहीत आणि पार्ट ठिसूळ होतो. हे नुकसान कायमचं असतं. तो पार्ट पुन्हा दळून, सुकवून मोल्ड केला तरी तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत. पीसीचा धोका मोठा आहे, कारण त्यात बऱ्याचदा एकही रेघ न दिसता पार्ट कमकुवत झालेला असतो.

नेहमीचे आकडे असे. पीसी १२० अंशांना ३ ते ४ तास, ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली. पीबीटी १२० अंशांना ४ तास, ०.०४ टक्क्याच्या खाली. एबीएस ८०-८५ अंशांना २ ते ४ तास. नायलॉन ८० अंशांना ४ तास किंवा जास्त, ०.२ टक्क्याच्या खाली. नायलॉन लवकर सुकावं म्हणून साध्या गरम हवेत १००-११० अंशांवर नेऊ नका, दाणा हवेतल्या ऑक्सिजनमुळे पिवळा पडतो. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या ग्रेडच्या डेटाशीटचा.

आता पावसाळ्याबद्दल. साधा हॉपर ड्रायर शॉपमधलीच हवा ओढतो, तापवतो आणि दाण्यातून सोडतो. तापवल्याने हवेतलं पाणी कमी होत नाही. पुण्याच्या जुलैत हवेचा ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या पाण्याचे थेंब बनतात तो) २० अंशांच्या वर असतो, मुंबई आणि कोकणात त्याहून जास्त. त्या हवेने पीसी किंवा नायलॉन किती तास सुकवला तरी एका मर्यादेखाली ओलावा उतरत नाही. डीह्युमिडिफायिंग ड्रायर उणे ३० ते उणे ४० ड्यू पॉइंटची हवा देतो, म्हणून तो वेगळा. मे महिन्यात नीट चाललेला जॉब जून-जुलैत तुटायला लागला तर पहिल्यांदा ड्रायरकडे बघा.

दुसरी गोष्ट हॉपरच्या मापाची. ब्रॅकेटचा मोल्ड दोन कॅव्हिटीचा होता, रनरसकट (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या मटेरियलसकट) शॉट ९० ग्रॅम, सायकल ३४ सेकंद. ताशी १०६ शॉट, म्हणजे साधारण साडेनऊ किलो दाणा. चार तास सुकवायचं तर हॉपरमध्ये किमान ३८ किलो मावायला हवा. त्यांचा हॉपर होता २५ किलोचा. कागदावर '८० अंश, ४ तास' लिहिलेलं होतं, प्रत्यक्षात दाणा अडीच तासांत खाली उतरत होता, आणि तोही पावसाळी हवेत. हा हिशोब आपल्या प्रत्येक जॉबसाठी एकदा करून मशीनवर चिकटवून ठेवा: ताशी किलो गुणिले सुकवायचे तास.

पोती उघडी ठेवू नका. नायलॉनचं पोतं रात्रपाळीत फोडून तसंच ठेवलं तर सकाळपर्यंत वरच्या थराने भरपूर पाणी प्यायलेलं असतं. सुकवलेला दाणा मशीनच्या छोट्या हॉपरमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त पडू देऊ नका.

बॅरल, स्क्रू आणि तिथे घालवलेला वेळ

कंट्रोलरवर दिसतं ते बॅरलच्या लोखंडाचं तापमान. वितळलेल्या मटेरियलचं तापमान स्क्रूच्या घर्षणामुळे त्याहून १०-२० अंश जास्तही असू शकतं. मोजायचं असेल तर मशीन नेहमीच्या सायकलवर स्थिर होऊ द्या, मग पर्ज करून (वितळलेलं मटेरियल बाहेर सोडून) त्या गोळ्यात सुईचा प्रोब घाला आणि हलवत राहा, आकडा चढून थांबेपर्यंत. हातमोजे आणि फेस शील्ड घालूनच. नायलॉन ६ ग्लासला साधारण २५० ते २८०, पीसीला २८० ते ३१०, एबीएसला २२० ते २५०, पीओएमला (ॲसिटल) १९० ते २१० अंश. पीओएम जास्त तापला की फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, डोळे चुरचुरतात. तो बॅरलमध्ये तापत ठेवून जेवायला जाऊ नका.

तापमानाइतकाच महत्त्वाचा वेळ. बॅरलच्या कमाल शॉटच्या सुमारे दुप्पट मटेरियल आत असतं असं धरा. ३५० ग्रॅमच्या बॅरलवर ९० ग्रॅमचा शॉट, ३४ सेकंदांची सायकल: ७०० भागिले ९० गुणिले ३४, म्हणजे साडेचार मिनिटांच्या आसपास. हे ठीक. त्याच मशीनवर ४५ ग्रॅमचा शॉट लावला तर हाच वेळ पावणेनऊ मिनिटं होतो, आणि मधे रोबो अडकला की आणखी वाढतो. छोटा मोल्ड मोठ्या मशीनवर चढवल्याने कमकुवत झालेले पार्ट मी अनेकदा पाहिलेत. सेटिंग सगळ्या जुन्याच असतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

ग्लासच्या ग्रेडसाठी इथे आणखी एक काळजी. ताकद तंतूंच्या लांबीवर असते. बॅक प्रेशर (स्क्रू मागे सरकताना त्याला अडवणारा दाब) जास्त, स्क्रूचा वेग जास्त, नोझलचं भोक बारीक, गेट बारीक, यातल्या प्रत्येक गोष्टीने तंतू तुटतात. रंग एकसारखा येत नाही म्हणून बॅक प्रेशर चढवण्याची सवय ग्लासच्या मटेरियलला घातक आहे. रिफिल (पुढच्या शॉटचं मटेरियल भरणं) नियमित होईल इतकंच बॅक प्रेशर ठेवा, आणि कूलिंग संपण्याच्या जरा आधी रिफिल संपेल इतका सावकाश स्क्रू फिरवा. लांब तंतूंच्या ग्रेडला तर हे अजून काटेकोरपणे पाळावं लागतं.

मोल्डचं तापमान

सायकल कमी करायची म्हणून मोल्डला थेट चिलरचं पाणी जोडणं हा आपल्याकडचा फार जुना रिवाज. पीपी-एबीएसच्या बऱ्याच जॉबना ते खपून जातं. नायलॉन, पीबीटी, पीओएम आणि पीईटी यांची गोष्ट वेगळी, कारण थंड होताना त्यांच्या साखळ्यांना शिस्तीत बसून स्फटिक बनवायला वेळ हवा. मोल्ड थंड असेल तर बाहेरचा थर तसाच अर्धवट गोठतो. पार्ट कमी कडक होतो, कमी झिजप्रतिकारक होतो, आणि नंतर गरम जागी बसवला की उरलेलं स्फटिकीकरण तिथे होतं, मग तो आक्रसतो आणि वाकतो. गेज त्या दिवशी पास होतं, आठ दिवसांनी ग्राहकाकडे फेल होतं, ते बऱ्याचदा यामुळे.

उलट बाजूही सांगायला हवी. खूप सावकाश थंड केलं तर स्फटिकांचे गोळे मोठे होतात, पार्ट कडक होतो पण आघात कमी सोसतो. पीपीच्या बिजागरीला मोल्ड जास्त गरम ठेवून चालत नाही ते म्हणून. पार्टला कडकपणा हवा आहे की आघात सोसणं, हे आधी ठरवा.

ग्लासच्या नायलॉनला मोल्ड ८० अंशांच्या आसपास, पीओएमला ८० ते १००, पीसीलाही ८० ते ११०. पीसी स्फटिक बनवत नाही, पण गरम मोल्डमध्ये त्यात ताण कमी अडकतो. हे तापमान एमटीसीच्या (मोल्डचं तापमान राखणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवरचं नाही, कॅव्हिटीच्या पृष्ठभागावरचं. वीसेक शॉट झाल्यावर स्पर्शाच्या थर्मामीटरने मोजा. त्या ब्रॅकेटच्या मोल्डला मी मोजलं तेव्हा कॅव्हिटी ३८ अंश होती.

भरण्याचा वेग, वेल्ड लाइन आणि हवा

वेल्ड लाइन पूर्ण टाळता येत नाही. भोक असलं की ती येणारच. ग्लास नसलेल्या मटेरियलमध्ये तिथे ताकदीचा बराच भाग टिकतो. ३० टक्के ग्लासमध्ये मात्र ती जवळपास निम्म्यावर येऊ शकते, कारण दोन प्रवाह समोरासमोर भेटतात तेव्हा तंतू त्या रेषेला ओलांडत नाहीत, रेषेला समांतर झोपतात. जोड धरतो तो नुसता नायलॉन.

तो जोड जमेल तितका गरम असताना व्हावा लागतो. म्हणून ग्लासच्या ग्रेडना भरण्याचा वेग जास्त आणि मोल्ड गरम हवा. पण वेग वाढवला की दोन प्रवाहांच्या मधे अडकलेली हवा बाहेर जायला जागा लागते. नायलॉनसाठी व्हेंटची खोली साधारण ०.०१ ते ०.०२ मिमी असते, म्हणजे चिमूटभर मेण जमलं तरी बंद. कोअर पिनभोवतीचा व्हेंट तर कोणी साफच करत नाही. टूल रूमला सांगून प्रत्येक मेंटेनन्सला पिन काढून पुसा. वेल्ड लाइनच्या जागी तपकिरी डाग किंवा किंचित खरखर दिसली तर हवा अडकली समजा. एवढं करूनही लाइन जास्त ताणाच्या जागी येत असेल तर गेटची जागा बदलल्याशिवाय इलाज नाही, आणि हे ग्राहकाला वेळेत, स्पष्ट सांगावं.

होल्डिंग: वजनकाटा घेऊन बसा

पोकळ्यांचं मूळ इथे. प्लास्टिक थंड होताना आक्रसतं आणि ती तूट होल्डच्या दाबाने गेटमधून आणखी मटेरियल ढकलून भरायची असते. गेट गोठायच्या आधी होल्ड सोडला तर मटेरियल उलट रनरमध्ये येतं आणि जाड भाग आतून पोकळ राहतो.

यासाठी सेन्सर लागत नाही, ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा पुरतो. मोल्ड योग्य तापमानाला आणल्यावरच हे करा, कारण गरम मोल्डमध्ये गेट उशिरा गोठतं. होल्ड टाइम एकेक सेकंदाने वाढवा. तेवढाच वेळ कूलिंगमधून कमी करा, म्हणजे सायकल तीच राहील. प्रत्येक वेळी पाच शॉट सोडून पुढचे तीन तोला, रनर तोडून, फक्त पार्ट. ब्रॅकेटचे आकडे असे आले: ३ सेकंदांना ३८.४ ग्रॅम, ४ ला ३८.९, ५ ला ३९.२, ६ ला ३९.४, ७ ला ३९.४, ८ ला ३९.४. म्हणजे गेट सहाव्या सेकंदाला गोठलं. त्यावर एक सेकंद घालून ७ लावला. त्यांच्या सेटिंग शीटवर होता ३.

असं का, ते सेटरशी बोलल्यावर कळलं. ओल्या नायलॉनची चिकटाई कमी होते, तो पातळ वाहतो. पाऊस सुरू झाल्यावर पार्टला फ्लॅश (कडेने बाहेर आलेली पातळ पापडी) यायला लागला, म्हणून रात्रपाळीत होल्ड प्रेशर आणि वेळ दोन्ही कमी केले गेले. फ्लॅश गेला, पोकळ्या आल्या. सेटरने त्याच्या बाजूने चूक केली नव्हती. त्याला दिसणारा दोष त्याने घालवला होता.

दर शॉटला कुशन (स्क्रूपुढे शिल्लक राहणारं मटेरियल) ३ ते ६ मिमी उरते का ते बघा. ती दर शॉटला वेगवेगळी उरत असेल तर चेक व्हॉल्व्ह (मटेरियल मागे जाऊ न देणारी झडप) झिजलाय आणि ग्लासच्या मटेरियलला तो लवकर झिजतोच. मग होल्ड प्रेशर कितीही लावा, ते पार्टपर्यंत पोहोचत नाही. आणि होल्ड प्रेशर गरजेपेक्षा जास्तही नको. एबीएस आणि पीसीमध्ये जास्त पॅकिंगचा ताण गेटजवळ अडकतो, आणि महिन्याभराने तेल किंवा क्लीनर लागल्यावर तिथेच चिरा पडतात. एबीएससाठी जुनी चाचणी आहे: पार्ट ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवायचा, धुवायचा, आणि पांढऱ्या चिरा कुठे उठल्या ते पाहायचं. पारदर्शक पीसी दोन पोलराइज्ड फिल्मच्या मधे धरला की ताणाचे रंगीत पट्टे डोळ्यांना दिसतात.

रीग्राइंड

रीग्राइंड, म्हणजे दळून परत वापरलेला माल, २५ टक्क्यांपर्यंत हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा आकडा आहे, पण तो स्वच्छ, कोरड्या, एकदाच वितळलेल्या रनरसाठी. रनर मशीनशेजारीच दळून लगेच परत घातला तर ठीक. आठवड्याचा साठलेला, धूळ बसलेला, लम्प आणि पर्जसकट दळलेला माल ताकदीच्या पार्टमध्ये घालू नका. ग्लासच्या मटेरियलचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात, आणि ग्राइंडरमधली बारीक पूड बॅरलमध्ये आधी जळते. पूड चाळून काढा.

नायलॉन बाहेर पडल्यावर

मोल्डमधून निघालेला नायलॉन कोरडा असतो आणि कोरडा नायलॉन ठिसूळ असतो. हवेतून पाणी पिऊन तो चिवट होतो. मोल्डिंगआधी पाणी शत्रू आणि नंतर मित्र, यात नवीन मुलांचा नेहमी गोंधळ होतो. केबल टाय आठवा: उघड्या पाकिटातले टाय एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पटकन तुटतात, बंद पाकिटातले वाकतात. ग्लास नसलेला नायलॉन ६ सामान्य दमट खोलीत अडीच ते पावणेतीन टक्के पाणी घेऊन स्थिरावतो, त्याला भिंतीच्या जाडीप्रमाणे आठवडे लागतात. घाई असेल तर गरम पाण्यात ठेवा किंवा थोडं पाणी शिंपडून पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा. चाचणीचे आकडे लिहिताना पार्ट कोरडा होता की कंडिशन केलेला, हे लिहायला विसरू नका. या दोन अवस्थांमध्ये कडकपणा आणि ताणशक्ती यांत इतका फरक असतो की न लिहिलेला आकडा कशाशीच ताडता येत नाही.

खात्री कशी करायची

पीसी, एबीएस, पीपीसाठी दाण्याचा आणि पार्ट दळून आलेल्या चुऱ्याचा एमएफआय (वितळलेलं मटेरियल किती सहज वाहतं त्याचा आकडा) एकाच पद्धतीने काढा, दोन्ही नीट सुकवून. पार्टचा एमएफआय दाण्यापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर साखळ्या तुटल्या आहेत, आणि दोष सुकवण्यात किंवा बॅरलमध्ये आहे. नायलॉनला एमएफआयपेक्षा व्हिस्कॉसिटीची चाचणी बरी. ग्लासची टक्केवारी पाहायला पार्टचा तुकडा मफल फर्नेसमध्ये जाळून उरलेली राख तोलतात, आणि तीच राख सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची लांबी दाखवते. आपल्याकडे यंत्रं नसतील तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या प्लास्टिकच्या केंद्रीय संस्थेत अशा चाचण्या होतात.

रोजच्या कामाला मात्र तुमची स्वतःची एक साधी चाचणी हवी, पार्टवर जो ताण प्रत्यक्षात येतो त्याची. त्या ब्रॅकेटसाठी आम्ही टॉर्क रेंच घेतला आणि बॉस चिरेपर्यंत स्क्रू आवळला, दर बदलानंतर दहा पार्ट, कोरड्या अवस्थेत. एका वेळी एकच बदल केला. आधी सुकवणं: ५० किलोचा डीह्युमिडिफायिंग ड्रायर दुसऱ्या मशीनवरून आणला. फ्लॅश आपोआप गेला, पण चिरण्याचा टॉर्क जेमतेम हलला. मग मोल्ड ८० अंशांवर नेला, टॉर्क थोडा चढला. मग होल्ड ७ सेकंद, आणि तिथे खरी उडी आली. कापलेल्या बॉसमध्ये पोकळी उरली नव्हती. शेवटी पिनचे व्हेंट साफ केले, तेव्हा दहा पार्टमधला कमी-जास्तपणा घटला.

होल्ड चार सेकंदांनी वाढला होता, कूलिंगमधून एक काढता आला, त्यामुळे सायकल ३४ वरून ३७ वर गेली. ताशी २१२ पार्ट निघायचे ते १९५ वर आले. मालक या सतरा पार्टवर अडून बसले. मग आम्ही परत आलेल्या क्रेटचा हिशोब समोर ठेवला: २१२ मधले सात-आठ टक्के, म्हणजे ताशी पंधरा ते सतरा पार्ट, असेंब्लीत चिरून तसेही जातच होते, आणि त्यांचा दाणा, वीज, वाहतूक सगळं खर्ची पडल्यावर. शीटवर ३७ सेकंद लिहून त्यांनी सही केली, आणि होल्ड टाइमच्या चौकटीत सेटरने स्वतःच्या हाताने लिहिलं: ७, वजन ३९.४.